सहा जणांचा भात

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या वृद्धाश्रमाच्या मागच्या हिरवळीवर पांढरे काकाकुवे उतरायला यायचे. एकदम वीस-पंचवीस. पंख ताणून, जरा तिरके होत कुंपणाच्या आत येता येता वाऱ्याने ढकलले जायचे आणि पलीकडे गोल्फच्या मैदानात जाऊन पडायचे. पंधरा नंबरच्या खोलीतले आजोबा खिडकीशी खुर्चीत बसून ते बघायचे आणि म्हणायचे, "गेलं. परत नदीपलीकडे गेलं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्यांचे मोजे बदलत होते. सिडनीच्या कॅसल हिल उपनगराच्या त्या बाजूला कुठे नदी नाही. घरं आहेत, शाळा आहेत, मेट्रोकडे धावणारी माणसं आहेत. मी आपलं "हो ना" म्हटलं. विसरभोळ्या माणसाशी वाद घालू नये, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हो ना काय? तांदूळ होता त्यात."

ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे. मला मात्र त्यांचं बोलणं आता मराठीतच आठवतं, आणि मी ते तसंच लिहिते आहे.

मी पुण्याहून इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आले. शिकताना हाताला काम हवं म्हणून एज्ड केअर, वृद्धांची देखभाल, धरलं. पुढे डिग्री मिळाली, पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली आणि काम तेच राहिलं. घरच्या लग्नांत बायका विचारतात, एवढं एमबीए करून म्हाताऱ्यांची अंगं पुसतेस? पुसते. चांगली पुसते. मला त्यात कमीपणा वाटत नाही, विचारणाऱ्यांचा मात्र राग येतो. 'वृद्धाश्रम' म्हटलं की आपल्याकडे लगेच सगळ्यांचे डोळे भरून येतात. आमच्याकडे तेवढा वेळ नसतो. सकाळी साडेसहाला शिफ्ट सुरू होते, आठ जणांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, खायला घालायचं, आणि तीन वाजता बस पकडून हॅरिस पार्कला घरी परत.

आजोबांच्या खोलीत भिंतीवर एक चौकट होती. आत शौर्यपदक आणि त्याखाली टाइप केलेला मजकूर. व्हिएतनामच्या युद्धात ते ऑस्ट्रेलियाचे लष्करी सल्लागार होते. दक्षिणेकडच्या फौजेबरोबर, एका नदीकाठच्या शहरात. शहराला वेढा पडला. बाहेरच्या सल्लागारांना निघून या असा हुकूम आला, न्यायला हेलिकॉप्टरही आलं, पण त्यांनी जायला नकार दिला. जखमी होऊनही रेडिओवरून विमानांना वाट दाखवत राहिले, आणि शहर वाचलं. असा त्या मजकुराचा अर्थ. दरवर्षी पंचवीस एप्रिलला आमच्या अंगणात सैनिकांची आठवण करतात, तेव्हा हा कागद वाचून दाखवतात. आजोबा त्या वेळी ब्लँकेटची किनार चिमटीत धरून बसायचे आणि कोणाकडेही बघायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, किती नम्र माणूस.

"सल्लागार म्हणजे नक्की काय करायचं?" मी एकदा विचारलं.

"आपण लढायचं नाही, फक्त सांगायचं. आणि त्यांनी ऐकायचं नाही," ते म्हणाले आणि खूप वेळ हसले.

त्यांचा वेढा दुपारी सुरू व्हायचा. जेवण झालं, गोळ्या झाल्या, पडदा अर्धा ओढला की खोलीत पिवळट उजेड साचायचा, आणि त्या उजेडात हळूहळू एक शहर उभं राहायचं. मी कपाट आवरत असायचे, ते बोलत असायचे. शाळेची दुमजली इमारत, तिच्या गच्चीवर वाळूची पोती, खाली वर्गात अजून फळ्यावर कोणीतरी लिहिलेली गणितं. विमानं वरून पॅराशूटने तांदूळ टाकायची आणि वारा ते नदीपलीकडे, शत्रूकडे नेऊन टाकायचा. गच्चीवरून हे सहा जण आपलं जेवण पलीकडे उतरताना बघत बसायचे. पाच तिथले शिपाई आणि सहावे हे. मला कधीकधी खरंच वाटायचं की आपण कपाटातून टॉवेल नाही, वाळूची पोती काढतो आहोत. बेल वाजली की मी दचकायचे, मग बूट वाजवत कॉरिडॉरमध्ये पळायचे, आणि शहर मागे पिवळ्या उजेडात राहायचं. परत यावं तर ते तिथेच असायचं. मला त्या तासाची ओढ लागली होती, हे कबूल करते.

मार्चमधल्या एका दुपारी ते अगदी स्वच्छ होते. कधीकधी असं होतं, डोळ्यांवरचं धुकं जातं आणि माणूस पूर्ण समोर येऊन बसतो. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं.

"ते खोटं आहे."

मी म्हटलं, "काय खोटं?"

"मी जायला नकार दिला नव्हता. मी निघालो होतो. पिशवी खांद्यावर होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरणार होतं. त्यात त्या पाचांना जागा नव्हती, ती फक्त परदेशी सल्लागारांसाठी होती. पाचांनाही ते माहीत होतं. उरलेला तांदूळ त्यांनी शिजायला टाकला होता. आजोबा निरोप घ्यायला वळले, तेव्हा एक जण डब्यांत भात वाढत होता. सहा डबे होते. सहा सारखे ढीग. मुठीएवढे.

"मी त्याला सांगणार होतो की माझा नको करू," ते म्हणाले. "पण त्याने वाढला होता. मग मला वाटलं, खाऊन निघू. पाच मिनिटं. मी पिशवी खाली ठेवली आणि बसलो. खाता खाता हेलिकॉप्टर आलं आणि गेलं. एवढंच."

त्यानंतर अकरा दिवस वेढा चालला. शेवटी शहर टिकलं. पाचांपैकी चार त्या गच्चीवर मारले गेले. पाचवा आजोबांना पाठीवर घेऊन नदीपर्यंत आला आणि तिथे त्याने प्राण सोडला. दवाखान्यात एक अधिकारी जबाब घ्यायला आला, तेव्हा आजोबांनी पाचही नावं सांगितली. कागदावर उतरलं ते 'पाच स्थानिक शिपाई'. आणि हेलिकॉप्टरबद्दल त्यांना काही विचारलंच नाही. नकार दिला असं लष्कराने आपोआप धरलं, आणि आजोबांनी ते तसंच राहू दिलं.

"आणि त्या पाचांच्या देशाने?" मी विचारलं.

"त्यांचा देश पुढे हरला. हरलेल्यांची नावं कोण कोरणार?"

मी लहान असताना एक जानेवारीला पप्पा आम्हाला कोरेगावच्या स्तंभाला न्यायचे. गर्दी मरणाची असायची. बाकीचे लोक हात जोडून पुढे जायचे, आमचे पप्पा मात्र कोरलेली नावं एकेक करून मोठ्यांदा वाचायचे, हजेरी घेतल्यासारखी. मागून लोक 'चला, चला' करायचे आणि मला लाज वाटायची. त्या खोलीत मी पहिल्यांदा पप्पांच्या बाजूची झाले. म्हटलं, "मला सांगा नावं. मी लिहून घेते."

ते खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, या वर्षी अंगणात तो कागद वाचायचा नाही. खरं काय ते सांगायचं आणि ही पाच नावं वाचायची. माझ्या मुलीसमोर. तू वाचायचीस. मी मान हलवली.

जवळ कागद म्हणून खिशातली हँडओव्हर शीट होती. शिफ्टच्या सुरुवातीला आम्हाला ती मिळते. कुठल्या खोलीत कोण, कोणाला काय पथ्य, कोण रात्री झोपलं नाही. तिच्या पाठीवर मी देवनागरीत लिहायला घेतलं, कारण ते आवाज इंग्रजी अक्षरांत माझ्याच्याने बसवेनात. आजोबा कडक मास्तर निघाले. पहिलं नाव त्यांनी माझ्याकडून सात-आठ वेळा म्हणून घेतलं. "वर जायचं, मग तोडायचं. परत म्हण." दुसरंही तसंच, तिसरंही. चौथं नाव सांगत होते आणि आपत्कालीन बेल वाजली. बावीस नंबरच्या आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. मी उभ्या उभ्या चौथं लिहिलं, दारातून पाचवं लिहिलं, आणि पळाले.

आजींना उचललं, नर्सने तपासलं, ॲम्ब्युलन्स आली, फॉर्म भरले. तीन वाजून गेले. आणि मग माझ्या हाताने ते केलं जे तो गेली सहा वर्षं शिफ्ट संपताना रोज करत आला होता. हँडओव्हर शीटवर लोकांची खाजगी माहिती असते, म्हणून ती घरी न्यायची नाही, साध्या कचऱ्यात टाकायची नाही. स्टाफरूमच्या दारात कुलूपबंद बिन आहे, वर बारीक फट. कागद फटीतून आत टाकायचा. ते सगळे कागद बाहेरची कंपनी नेते आणि बारीक कातरते. मी खिशातून कागद काढला, चौघडी घातली, फटीतून सोडला आणि बसकडे धावले.

बस पॅरामॅटाच्या जवळ आली तेव्हा मला कळलं. मी खिडकीला टेकून तीन नावं मनात म्हणत होते, चौथ्याला अडखळले म्हणून खिशात हात घातला.

उलटी बस पकडून परत गेले. फटीत मनगटापर्यंत हात घातला तेव्हा नर्सने काय झालं म्हणून विचारलं, "यू राइट?" मी म्हटलं, माझा कागद आत गेलाय. ती म्हणाली, किल्ली आपल्याकडे नसते, उद्या फोन करू. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तिथे नवी, रिकामी बिन उभी होती. नेणारा माणूस सहालाच येऊन गेला होता.

मी पप्पांना फोन केला. तिकडे रात्रीचा एक वाजत होता.

"पप्पा, माझ्याकडून एक कागद गेला." सगळं सांगितलं.

"म्हणजे तू नावं श्रेडरमध्ये घातलीस?"

"श्रेडर नाही हो, बिन. बिन मग श्रेडिंगला जाते."

"तेच ते." मग त्यांनी विचारलं, "किती लक्षात आहेत?"

"तीन."

"मग ती तीन आधी लिही, बाई. रडायचं नंतर बघ. फोन ठेव आणि लिही."

लिहिली. आणि आजोबांकडे गेले, तर आजोबांना ताप होता. लघवीचं इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसांचं इन्फेक्शन थेट डोक्यात चढतं. तीन आठवडे ते त्या शहरात होते आणि आमच्यात नव्हते. मला वाटायचं, तिथे आहेत तर बरंच आहे, तिथेच तर नावं आहेत. मी खुर्ची ओढून बसायचे आणि हळूच म्हणायचे, "गच्चीवर कोण कोण आहे?" ते सांगायचे, धूर आहे. फळ्यावरचं गणित चुकलंय. नदीला पूर आलाय. माणसं पाठमोरी फिरायची, जिन्याने खाली जायची, कोणी हाक मारायचं नाही. दुपारचा उजेड सरकत पलंगाच्या पायांपर्यंत जायचा आणि मला डबा वाढणाऱ्याचा हात दिसायचा, बोटांना चिकटलेली शितं दिसायची. तोंड दिसायचं नाही. एक दिवस मी घरून भात करून नेला. वासाने काही येईल, असा माझा भाबडा हिशेब. आजोबांनी दोन चमचे खाल्ला आणि म्हणाले, "मीठ जास्त आहे."

एप्रिल लागला. अंगणातल्या लिक्विडअंबरच्या झाडाची पानं इथल्या शरदात लाल झाली. ताप उतरला, आजोबा बोलू लागले, पण चौथ्या आणि पाचव्या नावाच्या जागी काही नव्हतं. आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते रोज विचारायचे, "आहे ना कागद?" मी रोज म्हणायचे, "आहे." इतकं घाणेरडं मला आयुष्यात दुसऱ्या कशाने वाटलेलं नाही.

पंचवीस तारखेच्या सकाळी मी त्यांची दाढी करत होते. अर्धा गाल झाला आणि मी रेझर खाली ठेवला. म्हटलं, "कागद नाहीये. मी हरवला. तीन नावं आहेत, दोन माझ्यामुळे गेली."

त्यांनी विचारलं, "कधी?"

"त्याच दिवशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. एका गालावर फेस तसाच. मग म्हणाले, "त्या अधिकाऱ्याने निदान आकडा तरी लिहिला होता," आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उरलेली दाढी मी तशीच, वाकडी होऊन केली.

अंगणात तीसेक खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकाच्या छातीवर आठवणीची खूण म्हणून रोझमेरीची काडी. इथले कार्यक्रम घेणारी आमची ॲक्टिव्हिटीजवाली नेपाळची आहे, आम्ही दोघी हिंदीत बोलतो. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की आज मी वाचणार. माझं तोंड बघून ती म्हणाली, "तू रो क्यों रही है यार? मैं पढ़ दूँ?" मी नको म्हटलं. आजोबांची मुलगी, साठीची बाई, पहिल्या रांगेत त्यांच्या व्हीलचेअरशेजारी बसली होती.

मी सांगितलं. हेलिकॉप्टर, पिशवी, सहा डबे. मुलीचा चेहरा बघायचा मला धीर झाला नाही. मग तीन नावं वाचली, वर जायचं तिथे वर जाऊन, तोडायचं तिथे तोडून. आणि म्हटलं, अजून दोघं होते. त्यांची नावं यांनी मला सांगितली होती, पन्नास वर्षं सांभाळून, आणि मी ती एका दुपारी हरवली.

आमची नेपाळी मैत्रीण स्पीकरवर बिगुल लावायला वाकली, तेवढ्यात आजोबांनी हात वर केला. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही थांबलो. खूप वेळ थांबलो. चहाची ट्रॉली आत कुठेतरी कुरकुरली आणि बंद झाली. नाव आलं नाही. शेवटी ते मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "मी निघालो होतो." मुलीने त्यांचा हात धरला. "कळलं, डॅड," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला थांबलात."

माणसाने गोळीसमोर उभं राहणं मी पाहिलेलं नाही. हे पाहिलं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गुड मॉर्निंग म्हटलं तर ते म्हणाले, "म्हण." मी तीन नावं म्हटली. त्यांनी मान डोलावली. मग आम्ही दोघंही चौथ्यासाठी थांबलो, जिन्यावर कोणाची पावलं वाजताहेत का ते ऐकावं तसे. त्यानंतर रोज सकाळी हेच. तीन नावं, मग थांबणं, मग मी त्यांचे मोजे चढवायला घ्यायचे. मला आशा होती. खरंच होती. एखाद्या सकाळी येईल, असं मी बसमध्ये मनाशी म्हणत जायचे.

जूनमध्ये एका रविवारी दुपारी ते गेले. माझी सुट्टी होती. सोमवारी पोचले तेव्हा पंधरा नंबरची गादी उघडी पडली होती आणि चौकटीच्या जागी भिंतीवर खिळा.

टॅब्लेटवर प्रत्येकाच्या नोंदी असतात. मी त्यांच्या उघडल्या. रविवारी माणसं कमी म्हणून एजन्सीची एक मुलगी आली होती. एका दिवसासाठी आलेली, आमच्यापैकी कोणाला ओळखत नसलेली. मी नंतर तिला शोधायचा प्रयत्न केला, ती मिळाली नाही. तिने तिचं काम नीट केलं होतं. वेळ टाकून, सुवाच्य. दोन वाजून दहा मिनिटं: आजोबा जागे, खिडकीकडे बघून मोठ्याने अनोळखी शब्द उच्चारत आहेत. पाच शब्द, तेच, त्याच क्रमाने, पुनःपुन्हा. अर्थ लागला नाही. हात धरला, धीर दिला. शांत झाले.

मी ते वाचलं आणि टॅब्लेट घेऊन उघड्या गादीवर बसले. पाच, तिने मोजले होते. चौथा आणि पाचवा त्या खोलीत मोठ्याने बोलला गेला होता, एकदा नाही, पुनःपुन्हा, आणि ऐकणारीला ती नावं आहेत हे माहीत नव्हतं. रविवारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी हॅरिस पार्कात मिठाईच्या दुकानाच्या रांगेत उभी होते. मला काही फार जिलबी आवडते असंही नाही.